घर बघायला आलेल्यांना मोकळं कसं सोडावं: रिसेल फ्लॅट विकणाऱ्यांसाठी पायरीवार पद्धत

रिसेल फ्लॅटच्या बऱ्याच व्हिजिट मालकाच्या चांगुलपणामुळे फुकट जातात. दार उघडताच "या, या, बसा". मग पाणी, चहा, चिवडा. मग मूळ गाव कुठलं, मुलगा कुठे असतो. शेवटी मालक स्वतः पुढे होऊन एकेक खोली दाखवतो आणि प्रत्येक खोलीत थोडं थोडं बोलतो. अर्धा तास जातो, त्यात घर बघणं पाचच मिनिटांचं. ज्याचा चहा घेतला त्याच्या बाथरूममधला फ्लश ओढून बघायला, त्याच्या कपाटामागची ओल शोधायला माणसाला संकोच वाटतो. मग तो "छान आहे घर, कळवतो" म्हणतो आणि निघतो. पुढे कळवत नाही.

खालचा क्रम राहत्या घरासाठी आहे, मध्ये एजंट असो वा नसो. यातलं बहुतेक काम व्हिजिटच्या आधीचं आहे. मालकाला बाजूला व्हायचं असेल तर त्याच्याऐवजी उत्तर देणारं काहीतरी तिथे असावं लागतं, आणि घरही कुणी कुठेही हात घातला तरी चालेल अशा अवस्थेत असावं लागतं.

१. आधी माहितीचा एक कागद तयार करा

मालक मागे मागे फिरतो तो मुख्यतः माहिती सांगायला. ती माहिती एका पानावर लिहून टीपॉयवर ठेवली की फिरण्याचं निम्मं कारण संपतं. चार-पाच प्रती काढा. येणाऱ्याला एक हातात द्या, घेऊन जाऊ द्या.

कागदावर हे असू द्या:

- कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) चौरस फुटांत. जुन्या करारांत बऱ्याचदा बिल्ट-अप (भिंतींसकट) लिहिलेला असतो. तसं असेल तर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा. "साडेसातशेचा टू बीएचके" असं मोघम सांगितलं की लोक दुसऱ्या भेटीला टेप घेऊन येतात आणि मग वाद होतो.
- मजला, इमारतीचं वर्ष, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का.
- महिन्याचा मेंटेनन्स, वर्षाचा मिळकत कर, काही थकबाकी असेल तर तीही.
- पाण्याच्या वेळा. चोवीस तास नसेल तर नाही असंच लिहा. उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, तेही.
- पार्किंग. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डर फ्लॅटसारखी वेगळी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. त्यामुळे "पार्किंग आपल्या मालकीचं आहे" असं ठोकून देऊ नका. सोसायटीने वाटप केलं असेल तर तसं लिहा आणि त्या पत्राची प्रत जोडा.
- घरावर कर्ज आहे का, मूळ कागद कोणत्या बँकेत आहेत.
- काय राहणार, काय जाणार: मॉड्युलर किचन, गिझर, पंखे, एसी, इन्व्हर्टर, खिडक्यांच्या जाळ्या. सौदा होता होता फिसकटतो तो अनेकदा अशाच दोन पंख्यांवरून.
- सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, कोण भरणार. महापालिका हद्दीत सहकारी सोसायटीला कमाल २५,००० रुपये घेता येतात.

आता दोषांचं. मोकळं सोडायचं म्हणजे लपवायचं असा अर्थ काही लोक काढतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या नजरेने कळणार नाही असा आणि विक्रेत्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मास्टर बेडरूमच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये गळती होत असेल तर ते कागदावर लिहा: कधी झाली, काय दुरुस्ती केली, आता स्थिती काय. लिहिलेला दोष भावात बसतो. टोकन दिल्यावर खालच्या शेजाऱ्याकडून कळलेला दोष भावात बसत नाही, त्याने विश्वासच जातो.

सावध: करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा) यांच्या प्रतींवर आधार किंवा पॅनचे क्रमांक असू शकतात. बघायला ठेवायच्या प्रतीत ते काळे करा. मूळ कागद पहिल्या भेटीत बाहेरच काढू नका.

२. घर "उघडता येण्याजोगं" करा

रंगरंगोटी ही दुय्यम गोष्ट. खरी कसोटी अशी: अनोळखी माणसाने कुठलंही दार उघडलं तर तुम्ही दचकणार का? जिथे दचकाल ती जागा आधी आवरा.

सोनं, रोकड, चेकबुक, बँकेचे कागद, पासपोर्ट लॉकरमध्ये किंवा नातेवाइकाकडे. औषधं एका डब्यात भरून डोळ्यांआड, कारण औषधांवरून लोक घरातल्या आजारपणाचा आणि तुमच्या घाईचा अंदाज बांधतात. एकच कपाट कुलूपबंद ठेवा आणि त्यावर "वैयक्तिक" अशी चिठ्ठी लावा. बाकी सगळी उघडी. सगळ्याच कपाटांना कुलूप दिसलं तर बघणारा बेडरूमच्या दारातूनच परत फिरतो.

लॉफ्टखालचा कोपरा, सिंकखालचं कपाट, ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ आणि मुख्य स्विचबोर्ड या चार जागांपुढचं सामान हलवा. जाणकार माणूस तिथेच वाकून बघतो. तिथे रद्दीचे गठ्ठे असतील तर तो ते सरकवायला तुमची परवानगी मागणार आणि तुम्हाला यावंच लागणार.

ओल आलेल्या भिंतीवर घाईघाईने रंग मारू नका. नव्या रंगाचा एकच चौकोन दिसला की लोक त्याच भिंतीवर हात ठेवून उभे राहतात.

देवघर असू द्या, त्याने कुणाचं बिघडत नाही. फक्त सकाळच्या व्हिजिटआधी पूजा आटपून घ्या. पूजा चालू असली की लोक कुजबुजत बोलतात आणि लवकर निघतात. तेच मासळीचं आणि जोरदार फोडणीचं. खा जरूर, व्हिजिटच्या दिवशी नको.

तपासून घ्या: सगळे दिवे लागतात का, प्रत्येक खिडकी पूर्ण उघडते का, नळांना त्या वेळेला पाणी असतं का. पाणी सकाळी सात ते नऊ येत असेल आणि टाकी लहान असेल तर दुपारी चारची व्हिजिट देऊन उपयोग नाही. कोरडा नळ फिरवून बघणाऱ्याला तुमचं स्पष्टीकरण ऐकू येत नाही.

३. घरात कोण थांबणार ते आदल्या दिवशी ठरवा

नियम एकच: एक माणूस, आणि तोही कमी बोलणारा.

एजंट असेल तर त्याला किल्ली द्या आणि तुम्ही खाली सोसायटीच्या आवारात किंवा जवळच कुठे तरी थांबा, फोन हातात ठेवून. घरमालकांना हे सगळ्यात जड जातं, पण परिणाम सगळ्यात जास्त यानेच होतो. मालक नाही म्हटल्यावर लोक मोठ्याने बोलतात.

एजंट नसेल तर घरातल्यांपैकी घराशी सगळ्यात कमी गुंतलेल्याला थांबवा. वडिलांनी २० वर्षं हप्ते फेडून घेतलेलं घर असेल तर वडिलांना त्या तासाभरासाठी बाहेर पाठवा. कुणी "हॉल जरा अंधारा आहे" म्हटलं की त्यांना लागणारच, आणि ते बोलणारच. आजी-आजोबा आजारी असतील आणि हलता येत नसेल तर त्यांची खोली शेवटी ठेवा आणि तसं आधीच सांगा. लहान मुलं शेजारी. कुत्रा असेल तर तोही. "काही करत नाही तो" हे वाक्य कुत्र्याला घाबरणाऱ्याने आजवर कधी ऐकून घेतलेलं नाही.

भाडेकरू राहत असेल तर प्रकरण थोडं वेगळं. लिव्ह अँड लायसन्स करारात घर बघायला येण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. नंतर त्याच्याशी बोलून आठवड्यातल्या दोन ठरावीक वेळा घ्या. रोज फोन करून "येतोय पाच मिनिटांत" करू नका. त्याचं डिपॉझिट कधी मिळणार, घर कधी सोडायचं, हे त्याला व्हिजिट सुरू होण्याआधी नीट सांगा. ज्याला आपल्या डिपॉझिटची खात्री नाही तो भाडेकरू येणाऱ्यांना पाण्याच्या तक्रारीपासून डासांपर्यंत सगळं सांगतो, आणि त्याचा तसा दोषही नाही.

सावध: मोकळं सोडणं म्हणजे बेसावध राहणं नव्हे. येणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर आधी घ्या, गेटवर नोंद होऊ द्या. बाई घरात एकटी असेल तर व्हिजिटच्या वेळेला ओळखीचं कुणीतरी हॉलमध्ये बसलेलं असावं आणि मुख्य दार उघडं असावं. चार-पाच जणांचा घोळका येऊन वेगवेगळ्या खोल्यांत पांगला तर "आपण एकेक खोली बघूया" असं शांतपणे म्हणायला हरकत नाही.

४. वेळा द्या, पण एकावर एक नकोत

एका कुटुंबाला पाऊण तास धरा आणि दोन व्हिजिटमध्ये अर्धा तास रिकामा सोडा. रविवारी अकरा वाजता तीन पार्ट्या एकदम बोलावून "बघा किती मागणी आहे" असं दाखवायची एक जुनी चाल आहे. त्याने होतं असं की तिघंही दारात चपला शोधत एकमेकांना वाट देतात आणि तिघांपैकी कुणीच नीट बघत नाही.

निदान एक वेळ दिवसाउजेडी द्या. उजेड कुठून येतो हे घराने स्वतः सांगावं. पितृपक्षात फोन थंडावतात, त्यात घाबरून भाव पाडू नका. तोच पंधरवडा दुसरी पायरी नीट करायला वापरा. दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा विचारणा सुरू होते.

५. दार उघडल्यावरची पहिली दोन मिनिटं

इथे काय बोलायचं ते ठरवूनच ठेवा, नाहीतर सवयीने "बसा" तोंडातून जातंच. साधारण असं:

"नमस्कार, या. हा घराच्या माहितीचा कागद. सगळ्या खोल्या उघड्या आहेत. कपाटं, नळ, खिडक्या काहीही उघडून बघा. बेडरूममधलं एक कपाट फक्त आमचं वैयक्तिक आहे. मी इथे दारापाशी आहे, काही विचारायचं असेल तर हाक मारा. सावकाश बघा."

एवढंच. पाण्याची बाटली आणि पेले आधीच टीपॉयवर ठेवा, ज्याला हवं तो घेईल. चहा विचारू नका. आपल्याकडे हे उद्धट वाटतं हे खरं, म्हणून हवं तर जाताना विचारा. आधी दिलेला चहा पाहुणा घडवतो, आणि पाहुणा फ्लश ओढून बघत नाही.

चपला बाहेर काढायच्या असतील तर दारातच जागा ठेवा. बाथरूमपाशी एक कोरडं पायपुसणं असू द्या, म्हणजे मोजे घातलेला माणूसही आत शिरतो.

६. ते फिरत असताना तुम्ही कुठे

बाल्कनीत नको. मालक हमखास तिथेच जाऊन उभा राहतो आणि घरातली सगळ्यात चांगली जागा अडवतो. स्वयंपाकघरात तर नकोच. हॉलमध्ये मुख्य दाराजवळच्या खुर्चीवर बसा आणि मोबाइल बघा. वन बीएचके असेल, चारशे फुटांच्या आतला, तर आतला शब्द न् शब्द हॉलमध्ये ऐकू येतो आणि हे त्यांनाही कळतं. अशा घरात दार उघडं ठेवून बाहेर पॅसेजमध्ये उभं राहणं बरं.

मोकळीक मिळाली की लोक नेमकं काय करतात ते माहीत असावं, म्हणजे आवाज ऐकून तुम्ही धावत जाणार नाही. ते नळ पूर्ण सोडून बघतात. बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते पाहतात. फरशी टकटक करून पोकळ आहे का बघतात. छताकडे बराच वेळ मान वर करून पाहतात, विशेषतः वरचा मजला असेल तर. मोबाइलला रेंज किती, होकायंत्राचं अॅप काय दिशा दाखवतं, खिडकी उघडल्यावर रस्त्याचा आवाज किती, पलंग आणि कपाट मिळून भिंत पुरते का, हे सगळं चालतं. वास्तूवर त्यांच्यात चर्चा सुरू झाली तर त्यात पडू नका. तुमचा विश्वास असो वा नसो, तुमचं मत तिथे कुणी मागितलेलं नाही.

स्वयंपाकघरापासून तर जास्तच दूर थांबा. एखादी बाई ओट्यासमोर उभी राहते, पोळी लाटताना राहतील तसे हात ठेवते, डावीकडे फ्रिज येईल का म्हणून मागे वळते, वरच्या फळीला हात पुरतो का पाहते. मनातल्या मनात तिने तिथे डबे लावायला सुरुवात केलेली असते. तेवढ्यात हॉलमधून आवाज येतो, "ओटा ग्रॅनाइटचा आहे बरं का!" ती हात काढून घेते, "हो का" म्हणते आणि बाहेर येते. ओटा ग्रॅनाइटचा आहे हे तिला दिसत होतंच.

कुटुंबातले लोक आपापसात वाद घालतील. सासूबाईंना किचन लहान वाटेल, मुलाला हॉल आवडेल, सुनेला दुसऱ्या बेडरूमची खिडकी नको असेल. हा वाद तुमच्या घरात, त्या खोलीत उभं राहूनच व्हायला हवा. तिथे तो टेप लावून सुटतो. घरी जाताना गाडीत झाला तर "जाऊ दे, दुसरं बघू" यावर संपतो.

सावध: कानावर पडलेल्या टीकेला उत्तर देऊ नका. "किती जुन्या टाइल्स आहेत" हे ऐकून "पण दणकट आहेत" असं म्हणत आत शिरलात तर त्यापुढे ते खरं काही बोलणार नाहीत. शिवाय नुसतं कौतुक करून जाणाऱ्यांपेक्षा टाइल्स बदलायला किती लागतील असं एकमेकांना विचारणारे जास्त गंभीर असतात.

७. विचारलं तेवढंच सांगा

ते हॉलमध्ये परत आले की आता तुमचं काम सुरू. जेवढा प्रश्न तेवढं उत्तर. माहीत नसेल तर "सोसायटीकडून विचारून उद्या कळवतो" हे पूर्ण उत्तर आहे.

न विचारता बोलायची ही वाक्यं मालकांच्या तोंडी फार असतात:

"इंटिरिअरला आठ लाख घातलेत." ते लोक बहुधा तेच काढून टाकायचा विचार करत असतात.

"आम्हाला दिवाळीच्या आत मोकळं व्हायचंय, मुलाकडे जायचंय." इथे तुम्ही भाव स्वतःच खाली आणलात. घर का विकताय असं विचारलं तर "मोठं घ्यायचंय" किंवा "दुसऱ्या शहरात जातोय" असं जे खरं आहे ते एका वाक्यात सांगा. तारीख सांगू नका.

"अजून दोन पार्ट्या येऊन गेल्या." खरं असलं तरी खोटं वाटतं.

"सगळे आपलेच लोक आहेत बिल्डिंगमध्ये." समोरचा तुमच्या "आपल्या"त बसतो की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि बसत असला तरी हे ऐकून सुज्ञ माणूस अस्वस्थच होतो.

भाव विचारला तर आधी ठरवलेला आकडा सांगा आणि पुढे "आवडलं तर बसून बोलू". घरात उभ्या उभ्या घासाघीस नको, कारण घर आवडलंय की नाही हे अजून त्यांचंच त्यांना ठरवायचंय. कुणी त्याच क्षणी टोकन म्हणून रोख काढली तरी हात आवरा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. टोकन बँकेतून, आणि तेही अटी कागदावर आल्यावर.

८. ते गेल्यावर

दारात "मग, कसं वाटलं?" हा प्रश्न गिळून टाका. तोंडावर कुणी खरं सांगत नाही, आणि एकदा "छान आहे" म्हटल्यावर नंतर शंका विचारणंही त्यांना अवघड होतं. "काही लागलं तर फोन करा" पुरे.

त्याच संध्याकाळी फोन करू नका. एजंट असेल तर दोन दिवसांनी त्याला विचारायला सांगा. त्याला जे खरं कळतं ते तुम्हाला कळणार नाही. एजंट नसेल तर दोन दिवसांनी एक साधा मेसेज: "घराबद्दल काही माहिती हवी असेल तर सांगा." तीन-चार कुटुंबांनी आपणहून एकच गोष्ट दाखवली, म्हणजे समजा बाथरूमचा वास, तर तेवढी दुरुस्त करा आणि मगच पुढच्या वेळा द्या.

तपासून घ्या: व्हिजिटनंतर नळ, गिझरचं बटण, खिडक्यांच्या कड्या आणि गॅसचा कॉक बघा. लोक उघडतात, बंद करायला विसरतात.

९. दुसरी व्हिजिट

मोकळीक खरी लागते ती इथे. या वेळी सोबत सुतार, ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर किंवा गावाहून आलेले वडील असतात, आणि तासभर तरी लागतो. मोजमापं घेऊ द्या, फोटो मागितले तर घरातल्या माणसांचे फोटो भिंतीवरून आधी उतरवून काढू द्या. परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घर दाखवत असतील तर फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि कॅमेऱ्यासमोर येऊन घराची माहिती द्यायचा मोह टाळा. मुलाला काय बघायचंय ते तो आईला सांगतोच आहे.

जिना, गच्ची, पार्किंग, पाण्याची टाकी बघायची असेल तर वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि त्यांना त्यांचं त्यांना जाऊ द्या. शेजाऱ्याशी, सेक्रेटरीशी बोलायचं म्हटलं तर नंबर द्या, पण ओळख करून देताना तिथेच उभे राहू नका. त्यांना पाण्याबद्दल आणि सोसायटीतल्या भांडणांबद्दल विचारायचं असतं, आणि ते तुमच्यासमोर कुणीच विचारणार नाही.

सावध: दुसऱ्या भेटीला सुतार बरोबर आला म्हणजे सौदा झाला असं समजून बाकीच्या वेळा रद्द करू नका. टोकन खात्यात जमा होईपर्यंत पुढच्या व्हिजिट चालू ठेवा आणि कुणी विचारलं तर चालू आहेत असं सरळ सांगा.